कोणी हात न लावलेली सिस्टिम: कोल्डफ्यूजनमधल्या एका फ्रीलान्स कामाचं प्रकरण

नऊ वर्षं एका कंपनीत कोल्डफ्यूजन या वेबसाइट बनवायच्या प्रोग्रामिंग भाषेत काम केल्यावर मी स्वतंत्र काम सुरू केलं. कंपनी सगळं दुसऱ्या तंत्रज्ञानावर नेत होती. मला ते शिकवून ठेवून घ्यायची तिची तयारी होती, पण मला ही भाषा सोडायची नव्हती. पुढच्या सात महिन्यांत मला या भाषेतलं एकही काम मिळालं नाही. आठव्या महिन्यात जे मिळालं, त्याची ही पूर्ण हकीकत. ग्राहकाच्या संमतीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

मागे पडलेल्या भाषेत काम शोधणाऱ्याला बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: दुसरी भाषा शिका. सल्ला चुकीचा नाही. पण ज्यांच्या सिस्टिमी आजही त्या भाषेत चालू आहेत त्यांचं काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही. माझं काम नेमकं तिथे होतं आणि हे कळायला मला सात महिने लागले.

भाषा आणि ती लिहिणारी माणसं

कोल्डफ्यूजन 1995 साली आली. जे. जे. आणि जेरेमी अलेअर या दोन भावांनी ती बाजारात आणली. तेव्हा वेबपानावरचा फॉर्म डेटाबेसला जोडायचा तर पर्ल किंवा सी भाषेत सीजीआय म्हणजे सर्व्हरवर चालणारा वेगळा प्रोग्राम लिहावा लागे. कोल्डफ्यूजनने तेच काम एचटीएमएलसारख्या दिसणाऱ्या टॅगमध्ये बसवलं. सीएफक्वेरी टॅगमध्ये एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहायचं, सीएफआउटपुटमध्ये निकाल छापायचा, झालं. 2001 मध्ये त्यांची अलेअर कंपनी मॅक्रोमीडिया या सॉफ्टवेअर कंपनीत विलीन झाली, 2005 मध्ये मॅक्रोमीडिया अडोबीने घेतली. मधल्या काळात, 2002 च्या एमएक्स आवृत्तीत, ही सगळी यंत्रणा जावा भाषेवर नव्याने बांधली गेली. पुढे रायलो हे मुक्त स्रोत इंजिन आलं आणि त्यातूनच 2015 मध्ये लूसी वेगळं झालं. म्हणजे आज हीच भाषा चालवणारी दोन मुख्य इंजिनं आहेत: अडोबीचं पैसे मोजून वापरायचं आणि लूसीचं फुकट.

या इतिहासातली एक गोष्ट माझ्या धंद्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची ठरली. भाषा सोपी असल्यामुळे प्रोग्रामर नसलेल्या अनेकांनी तिच्यात लिहिलं. गोदाम सांभाळणाऱ्याने गोदामाची सिस्टिम लिहिली, परीक्षा विभागातल्याने निकालाची. तो कोड आजच्या नजरेला विस्कळीत दिसतो. एसक्यूएल, मांडणी, हिशोब सगळं एकाच फाइलीत कोंबलेलं. पण ज्याने तो लिहिला त्याला काम येत होतं. एखादी विचित्र अट दिसली की तिच्यामागे बहुधा खरं कारण असतं. नव्या पिढीचा प्रोग्रामर ती अट पाहून हसतो आणि खोडून टाकतो, तिथूनच बिघाड सुरू होतात.

सात महिने

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. फ्रीलान्स कामांच्या साइटवर प्रोफाइल टाकलं आणि त्यात पीएचपी, जावास्क्रिप्ट आणि कोल्डफ्यूजन असं सगळं लिहिलं. पीएचपीच्या कामांसाठी माझ्यापेक्षा अनुभवी आणि स्वस्त लोक रांगेत उभे होते. कोल्डफ्यूजनच्या जाहिराती अधूनमधून यायच्या, पण त्या बहुतेक पूर्णवेळ नोकरीच्या, मोठ्या संस्थांच्या आणि कंत्राटी कंपनीमार्फत आलेल्या. एकट्या माणसाला देता येईल असं लहान काम त्यात दिसतच नव्हतं.

मग मी उलट्या बाजूने गेलो. ज्या साइटच्या पत्त्यात पान .सीएफएम असं संपतं, किंवा ब्राउझरमध्ये सीएफआयडी आणि सीएफटोकन नावाच्या कुकी, म्हणजे साइटने ठेवलेल्या छोट्या खुणा, येतात, ती कोल्डफ्यूजनवर चालते. हे कोणालाही उघड दिसतं. अशा संस्थांची मी यादी केली आणि 43 जणांना पत्रं लिहिली. पाच उत्तरं आली. तिघांनी नम्रपणे नको म्हटलं. एकाने सांगितलं की त्यांची साइट कधीच बदलली आहे, उरलं ते एक विसरलेलं पान. पाचव्याचं उत्तर मात्र माझ्या जिव्हारी लागलं. "आमची सिस्टिम कशात बनली आहे हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही काय तपासत होतात?" असं त्याने विचारलं होतं.

त्याचा प्रश्न रास्त होता. मी फक्त पत्ता आणि कुकी पाहिली होती, कुठलंही दार ठोठावून पाहिलं नव्हतं. पण पत्र वाचणाऱ्याला ते कसं कळावं? अनोळखी माणूस येतो, तुमची भाषा जुनी झाली म्हणतो, सुरक्षेचा धोका सांगतो आणि पुढे आपला दर लिहितो. ते धमकीसारखंच वाचलं जाणार. इथेच एक गोष्ट ठासून सांगतो: परवानगीशिवाय कोणाच्या साइटमध्ये कच्चे दुवे शोधून मग काम मागायला जाऊ नका. हेतू कितीही चांगला असो, तुम्ही गुन्ह्याच्या हद्दीत पाऊल टाकलेलं असतं.

त्या पत्रावर विचार करताना माझ्या लक्षात आलं की माझा ग्राहक "कोल्डफ्यूजन" हा शब्द शोधणारच नाही. त्याला तो शब्दच माहीत नसतो. तो म्हणतो "आपली जुनी सिस्टिम". बिघडली की तो आपली वेबसाइट सांभाळणाऱ्या एजन्सीला फोन करतो. एजन्सी फाइली उघडते, .सीएफएम पाहते आणि म्हणते, "हे आम्ही करत नाही, नवीन बनवून देतो." ग्राहक आणि मी यांच्यामध्ये हा नकार उभा होता. म्हणजे मला गाठायचं होतं ते नकार देणाऱ्यांना.

मी एजन्सींना लिहायला लागलो. पत्र लहान होतं. तुमच्याकडे .सीएफएम फाइली असलेला ग्राहक आला आणि तुम्ही ते काम घेणार नसाल, तर मला कळवा. मी तुमचं डिझाइनचं किंवा वेबसाइटचं काम ओढून घेणार नाही. ग्राहकाशी बोलताना तुम्हीही सोबत असाल. प्रोफाइलमधून पीएचपी आणि जावास्क्रिप्ट काढून टाकलं. ते काढताना हात थरथरला, कारण उरलेल्या एका शब्दावर आता सगळं अवलंबून होतं. पण सगळं येतं म्हणणाऱ्याची आठवण कोणी ठेवत नाही. एकच अवघड गोष्ट येणाऱ्याची ठेवतात.

प्रयोगशाळा

सहा आठवड्यांनी एका एजन्सीचा फोन आला. त्यांचा ग्राहक म्हणजे मोजमापाची उपकरणं कॅलिब्रेट करून प्रमाणपत्र देणारी एक लहान प्रयोगशाळा. वजनं, दाबमापक, तापमापक तपासायचे आणि उपकरण कितपत अचूक आहे ते कागदावर लिहून द्यायचं. तो कागदच त्यांचा माल. उपकरणांची नोंद, पुढच्या तपासणीच्या तारखा, प्रमाणपत्राची पीडीएफ, सगळं एका कोल्डफ्यूजन सिस्टिमवर चालायचं. त्यांच्याच एका तंत्रज्ञाने ती 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिली होती. ते आता निवृत्त झाले होते. सर्व्हरवर कोल्डफ्यूजन 9 होतं, म्हणजे 2009 ची आवृत्ती. तिचे सुरक्षा पॅच, म्हणजे दोष बुजवणाऱ्या दुरुस्त्या, येणं केव्हाच थांबलं होतं.

दुखणं असं होतं: महिन्यातून दोन-तीनदा एका ग्राहकाच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्याच ग्राहकाचं नाव छापलं जायचं. पुन्हा तेच प्रमाणपत्र काढलं की बरोबर यायचं. आधीच्या दोघा प्रोग्रामरांनी पाहिलं होतं, दोघांनाही चूक परत घडवून दाखवता आली नव्हती आणि दोघांचाही निष्कर्ष एकच: सिस्टिम नवीन करा.

मी कामाचा दर सांगण्याआधी एक प्रस्ताव ठेवला. दहा दिवसांचं निदान, ठरलेल्या रकमेत. शेवटी लेखी अहवाल, आणि अहवाल तुमच्या मालकीचा. तो वाचून तुम्ही काम दुसऱ्या कोणाला दिलंत तरी माझी हरकत नाही. एजन्सीच्या माणसाला वाटलं मी हातातलं काम घालवतो आहे. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी मात्र लगेच होकार दिला. नंतर त्यांनी कारण सांगितलं: "आधीचे दोघं न बघताच उपाय सांगत होते. आमचा धंदाच आधी मोजायचं आणि मग बोलायचं असा आहे."

पहिला दिवस मी कोड उघडलाच नाही. प्रमाणपत्रं काढणाऱ्यांशेजारी बसलो आणि विचारलं, हे कधीपासून होतं? कोणाला महिना आठवेना. मग एक ताई म्हणाल्या, "मी एकटी होते तेव्हा असं कधी झालं नाही. दुसरं टेबल आलं तेव्हापासून." अर्धं निदान त्या वाक्यात झालं होतं.

त्याचं कारण सांगतो, कारण जुन्या कोल्डफ्यूजन सिस्टिमींमध्ये हा दोष फार आढळतो आणि तो ओळखता येणं हेच आपलं भांडवल आहे. प्रमाणपत्र बनवणारा कोड एका सीएफसीमध्ये, म्हणजे कंपोनंट नावाच्या कोडच्या गठ्ठ्यात होता. सर्व्हर सुरू होताना त्याची एक प्रत बनून अॅप्लिकेशन स्कोप या सगळ्यांच्या सामाईक जागेत ठेवली जायची आणि सगळे वापरकर्ते तीच वापरायचे. यात गैर काही नाही. पण कोल्डफ्यूजनमध्ये फंक्शनच्या आत व्हेरिएबल बनवताना 'व्हार' लिहिलं नाही, तर ते त्या फंक्शनपुरतं राहत नाही. कंपोनंटच्या सामाईक व्हेरिएबल्स स्कोपमध्ये जातं. जणू प्रत्येकाला आपापली वही देण्याऐवजी सगळ्यांना मिळून एकच फळा दिला. पहिल्या टेबलावरून ग्राहकाचं नाव फळ्यावर लिहिलं गेलं. पीडीएफ तयार व्हायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरून बटण दाबलं गेलं, आधीचं नाव पुसून नवं लिहिलं गेलं आणि पहिल्याच्या कागदावर ते छापलं गेलं. एकट्या माणसाने कितीही वेळा बटण दाबलं तरी ही चूक दिसणार नाही. म्हणूनच आधीच्या दोघांना ती सापडली नव्हती.

लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही. आवृत्ती 9 येईपर्यंत 'व्हार'च्या ओळी फंक्शनच्या अगदी सुरुवातीलाच लिहाव्या लागत, मध्ये कुठे चालत नसत. मागाहून एक व्हेरिएबल वाढवलं आणि वर जाऊन ते जाहीर करायचं राहिलं, हे व्यावसायिक प्रोग्रामरांकडूनही सर्रास व्हायचं.

चाचणीच्या प्रतीत मी नाव वाचणं आणि पीडीएफ बनवणं यांच्यामध्ये पाच सेकंदांचा स्लीप, म्हणजे मुद्दाम थांबा, टाकला, दोन ब्राउझर उघडले आणि दोन्ही टेबलांवरच्यांना बोलावलं. पहिल्याच फटक्यात चूक समोर आली. त्या खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. वर्षभर आपलीच काहीतरी चूक होत असेल असं त्या ताईंना वाटत आलं होतं.

सीएफलिंट हे मुक्त साधन 'व्हार' राहिलेल्या जागा शोधून देतं. त्याने दोनशेच्या वर जागा दाखवल्या. इथे घाई केली असती तर फसलो असतो. तीन ठिकाणी एका फंक्शनने सोडलेलं व्हेरिएबल दुसरं फंक्शन खरोखर वापरत होतं. तिथे डोळे झाकून 'व्हार' घातलं असतं तर तारखांचा हिशोब गप्पपणे बिघडला असता. म्हणून पुढे दुरुस्तीच्या वेळी एकेक जागा वाचूनच बदलली.

आणखी एक काम अहवालात घालायचं की नाही, यावर मी एक रात्र घालवली. चूक लक्षात आली ती ज्या ग्राहकांनी फोन केला त्यांच्यामुळे. ज्यांनी कागद नीट पाहिलाच नाही त्यांचं काय? सर्व्हरवर जुन्या पीडीएफ साठवलेल्या होत्या. मी त्यांतली नावं बाहेर काढली आणि प्रमाणपत्र क्रमांकावरून डेटाबेसशी ताडून पाहिली. कोणाच्याही लक्षात न आलेली नऊ चुकीची प्रमाणपत्रं सापडली. हे सांगणं म्हणजे ग्राहकाला स्वतःच्या ग्राहकांपुढे चूक कबूल करायला लावणं होतं. मी ते पहिल्याच पानावर लिहिलं. प्रमुखांनी यादी दोनदा वाचली आणि त्याच दुपारी नऊ जणांना फोन लावले, नवी प्रमाणपत्रं पाठवली.

राहायचं की निघायचं

अहवाल दिल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला तो या भाषेत काम करणाऱ्या प्रत्येकाला विचारला जातो. "आम्ही या भाषेत राहावं का? खरं सांगा."

या प्रश्नात माझं पोट गुंतलेलं होतं. राहा म्हटलं तर मला वर्षानुवर्षं काम, निघा म्हटलं तर दुसऱ्याला. म्हणून मी तोंडी उत्तर दिलंच नाही, लिहून दिलं, आणि माझा यात काय फायदा आहे ते पहिल्या ओळीत नोंदवलं.

जसं आहे तसं चालवणं हा पर्याय मी बाद केला. डिसेंबर 2023 मध्ये सिसा या अमेरिकी सायबर सुरक्षा संस्थेने जाहीर केलं होतं की त्या वर्षीच्या जून आणि जुलैमध्ये एका केंद्रीय सरकारी संस्थेच्या दोन सर्व्हरांमध्ये कोल्डफ्यूजनमधल्या दोषातून शिरकाव झाला. अडोबीने त्या दोषाचा पॅच मार्चमध्येच दिला होता, पण सर्व्हरांवरच्या आवृत्त्या जुन्या होत्या. घाबरवण्यासाठी मी हे सांगितलं नाही. ज्या सर्व्हरला पॅचच येत नाहीत त्याची जागा इंटरनेटसमोर नाही, एवढंच त्यातून स्पष्ट होतं.

पूर्ण नवी सिस्टिम लगेच बनवणं हेही मी नको म्हटलं. कारण भाषेचं नव्हतं. नियम कुठेच लिहिलेले नव्हते, ते फक्त कोडमध्ये होते. उदाहरणार्थ, दुरुस्त होऊन आलेल्या दाबमापकाला पुढची तारीख बारा नव्हे, सहा महिन्यांनंतरची मिळायची. का, हे आता तिथे कोणालाच माहीत नव्हतं. मी त्या निवृत्त तंत्रज्ञांना फोन केला. ते जवळजवळ दोन तास बोलले. दुरुस्तीत आतली स्प्रिंग बदलली जाते, नवी स्प्रिंग सुरुवातीला सरकते, म्हणून पहिली तपासणी लवकर. असे एकतीस नियम आम्ही मिळून लिहून काढले. फोन ठेवताना ते म्हणाले, "वीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं."

माझी शिफारस अशी होती: दोष दुरुस्त करा, सिस्टिम पॅच मिळणाऱ्या इंजिनावर न्या, नियम आणि चाचण्या लिहून घ्या, आणि मग दोन वर्षांत हव्या त्या भाषेत तुकड्यातुकड्याने बाहेर पडा. अहवालात मी हेही लिहिलं की शेवटचा टप्पा माझ्याकडून करून घेऊ नका. त्या भाषांमध्ये माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत.

त्यांची दुसरी शंका जास्त अवघड होती. "तुम्हाला काही झालं तर?" विरळ भाषेतला माणूस विरळच असतो, ही भीती खोटी नाही. शब्दांनी ती जात नाही. मी कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवला. कमांडबॉक्स या कोल्डफ्यूजन सर्व्हर चालवणाऱ्या साधनाने एका आज्ञेत सर्व्हर सुरू होईल अशी मांडणी केली, म्हणजे कोणाही नव्या माणसाला इन्स्टॉल करण्यात आठवडा घालवावा लागू नये. आणि याच भाषेतल्या दुसऱ्या एका फ्रीलान्सरला माझ्या खर्चाने दोन दिवस बसवून, मी मदत न करता, एक लहान बदल करून दाखवायला सांगितलं. त्याने तो दीड दिवसात केला. त्यानंतर कंत्राटावर सही झाली.

स्थलांतर लूसीवर झालं, कारण एका सर्व्हरसाठी अडोबीचा परवाना त्यांना परवडत नव्हता. तिथे माझा अंदाज चुकला. तीन आठवडे सांगितले होते, पाच लागले, आणि वरचे दोन मी माझ्या खिशातून सोसले. पीडीएफचं इंजिन वेगळं असल्याने प्रमाणपत्राचे समास हलले. शिवाय जुन्या कोल्डफ्यूजनमध्ये अॅरे (नोंदींची यादी) फंक्शनला दिला की त्याची प्रत जाते, लूसीमध्ये मूळ अॅरेच जातो. एक फंक्शन यादीतून मुदत न आलेली उपकरणं काढून टाकत होतं. लूसीवर ती मूळ यादीतूनही गेली आणि खाली छापलेली एकूण संख्या चुकली. चाचण्या लिहिल्या होत्या म्हणून हे दुसऱ्याच दिवशी पकडलं गेलं. आता मी स्थलांतराचा दर सांगण्याआधी अॅरे बदलणारी सगळी फंक्शनं मोजतो.

त्यानंतर

त्या एजन्सीने पुढच्या वर्षात आणखी दोन ग्राहक पाठवले. एक ग्राहक निवृत्त तंत्रज्ञांच्या ओळखीतून आला. थेट पत्रांतून आजवर एकही आलेला नाही. चौघांपैकी प्रत्येकाशी सुरुवात ठरलेल्या रकमेच्या निदानानेच झाली. त्यांतल्या एकाला अहवालात मी सरळ लिहिलं की ही सिस्टिम बंद करून तयार सॉफ्टवेअर घ्या. त्याने घेतलं. मला दहा दिवसांचे पैसे मिळाले आणि तिथलं काम संपलं.

प्रयोगशाळेने ठरल्याप्रमाणे तारखांचा विभाग गेल्या महिन्यात दुसऱ्या भाषेत बनवायला घेतला, दुसऱ्या टीमकडे. माझं मासिक काम तेवढं कमी झालं. त्या टीमकडून मला पहिला निरोप आला तो असा: "दुरुस्त होऊन आलेल्या दाबमापकांना सहा महिने का? ही चूक वाटते, आम्ही बारा करतो आहोत." मी त्यांना नियमांच्या वहीतलं सतरावं पान पाठवलं. तासाभराने उत्तर आलं की सहाच ठेवलं आहे, आणि स्प्रिंगचं कारण कोडमध्ये टिप्पणी म्हणून लिहिलं आहे.